पेटी थांबते, ट्रॅक थांबत नाही

प्रति,
माननीय अध्यक्ष व संचालक मंडळ, मुख्याध्यापक सर, आणि आपल्या शाळेच्या पालक-शिक्षक संघाचे सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

मी आपल्याच शाळेचा माजी विद्यार्थी. पाचवी ते दहावी इथेच शिकलो, आता माझी मुलगी आठवीत आहे. बसस्टँडजवळ माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. दिवसभर शेतकऱ्यांच्या जळालेल्या पाणबुडी मोटारी बांधून देतो आणि रात्री भजनी मंडळात तबला वाजवतो. तो तबला मी शाळेच्या संगीताच्या खोलीत शिकलो. त्या खोलीबद्दल आणि तिथून वर्षभर होणाऱ्या गाण्याच्या कार्यक्रमांबद्दल हे पत्र आहे.

खरं तर डिसेंबरच्या गॅदरिंगनंतर दुसऱ्याच दिवशी मी लिहायला बसलो होतो. तेव्हा राग फार होता, म्हणून कागद फाडून टाकला. आता जूनमध्ये शाळा उघडली आहे, वर्षाचं नियोजन तुमच्यासमोर असेल. म्हणून शांतपणे पुन्हा लिहितो.

त्या रात्री सातवीतली एक मुलगी एकटी गायला उभी राहिली होती. तिचं नाव लिहीत नाही, तुम्हा सगळ्यांना आठवत असेलच. मागून मोबाइलवरचा ट्रॅक सुरू झाला. सुरुवातीचं संगीत संपलं आणि गाणं उचलायची तिची जागा चुकली. एका आवर्तनाची चूक. गाण्यात एवढं तर मोठमोठ्यांचं होतं. पण ट्रॅक पुढे निघून गेला. तिनं दुसऱ्या ओळीला गाठायचा प्रयत्न केला, तर ती ओळ तिच्या गळ्याच्या वर. मूळ गायिकेनं ज्या पट्टीत गायलं त्याच पट्टीत ट्रॅक वाजणार, समोर बारा वर्षांची पोर आहे हे त्याला कुठून कळणार? वरच्या सा ला तिचा आवाज चिरकला आणि ती थांबली. मी चौथ्या रांगेत बसून मांडीवर मात्रा मोजत होतो. मनात म्हणत होतो, आता ध्रुवपद येतंय, आता घे, घे बेटा. तिनं घेतलं नाही. दोन कडवी आणि मधलं सगळं संगीत वाजून संपेपर्यंत ती ओठ दाबून तशीच उभी होती. गप्प उभं असलेलं मूल कुणाला बघवत नाही, म्हणून साउंडवाल्यानं आवाज आणखी वाढवला. मागच्या बाजूला पोरं हसली. टाळ्याही पडल्या, पण कशासाठी पडल्या ते तिला कळत होतं.

माझी मुलगी सांगते, तेव्हापासून ती परिपाठालासुद्धा पुढे उभी राहत नाही.

आता दुसरी एक रात्र सांगतो. 1994 ची कोजागरी. शाळेच्या पटांगणात भुलाबाईच्या गाण्यांचा कार्यक्रम होता. मी आठवीत, आणि लोकांसमोर पहिल्यांदाच तबल्यावर. आमचे संगीताचे सर पेटीवर. माझ्या वर्गातली एक मुलगी गात होती आणि तिसऱ्या कडव्याला तिला शब्द आठवेनात. सरांनी पेटी थांबवली नाही. ध्रुवपदाची ओळ पेटीवर वाजवली, एकदा, मग पुन्हा, मग तिसऱ्यांदा, जणू गाण्याची चालच तशी आहे. माझा हात घाबरून पळायला लागला होता. सरांनी भात्यावरचा हात न काढता माझ्याकडे फक्त बघितलं. ठेका धर, असा त्या बघण्याचा अर्थ होता. मी साधा केरवा ताल धरून ठेवला. तिसऱ्या फेरीला मुलीनं मान हलवली, श्वास घेतला आणि बरोबर समेवर आली. समोर बसलेल्या चारशे-पाचशे माणसांपैकी कुणालाही काही चुकलं हे कळलं नाही. साथ म्हणजे काय, हे मला त्या मिनिटात कळलं. पुढे तीस वर्षं वाजवलं, पण त्यापेक्षा मोठं काही शिकलो असं वाटत नाही.

या दोन रात्रींमधला फरक एवढाच माझा मुद्दा आहे. पेटी आणि तबला मुलासाठी थांबतात. ट्रॅक थांबत नाही. शाळेत गाणाऱ्या मुलाला त्याच्यासाठी थांबणारं कुणीतरी मिळालं पाहिजे. बाहेर कुठे मिळणार?

पट्टीची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण गॅदरिंगच्या मीटिंगमध्ये ती कधीच निघत नाही. मुलामुलींचे गळे एकाच पट्टीचे नसतात. एखादी मुलगी काळी चारमध्ये, म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी सा धरून, मोकळी गाते, तिच्या शेजारची पांढरी चारच्या वर गेली की ओढून ताणून गाते. मुलांचं तर आठवी-नववीत आवाज फुटायला लागले की सगळंच बदलतं. काल जे गाणं सहज येत होतं ते आज गळ्यात अडकतं. आमच्या सरांची एक पद्धत होती. दर दोन महिन्यांनी ते प्रत्येकाकडून सा रे ग म म्हणून घ्यायचे आणि वहीत नावापुढे पट्टी लिहायचे. आवाज फुटलेल्या मुलांना त्यांनी कधी समूहगानातून काढलं नाही. खालच्या सुरात धरायला ध्रुवपद द्यायचे, नाहीतर झांजा, खंजिरी, ढोलकी हातात द्यायचे. मी तबल्यावर आलो तो असाच. माझा आवाज आठवीत गेला, आणि सर म्हणाले, गळा बसला तर बसू दे, हात तर चालतो ना? आज हातात तबला आहे तो त्या एका वाक्यामुळे. हल्ली अशा पोराला नाचात मागच्या रांगेत उभं करतात किंवा मंडपाच्या दोऱ्या ओढायला पाठवतात.

तेव्हा वर्षातून एकच गॅदरिंग व्हायचं असं नव्हतं. वर्ष ऋतूंवर चालायचं. आषाढीला शाळेची दिंडी निघायची. आपल्या खानदेशातली मुक्ताईची पालखी मुक्ताईनगरहून पंढरपूरला निघते, राज्यात सगळ्यात लांबून येणाऱ्या पालख्यांत ती एक. गावातून वारकरी जायला लागले की सर आम्हाला अभंग बसवायला घ्यायचे. शाळेतल्या टाळांच्या सहा जोड्यांपैकी दोनांच्या दोऱ्या नेहमी तुटलेल्या असायच्या आणि आम्ही सुतळी बांधून भागवायचो. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई देवी बसते. रात्रभर बाया गाणी म्हणतात आणि सोमवारी कानबाई मिरवत नेऊन पाण्यात शिरवतात. त्या आठवड्यात सर मुलींना सांगायचे की घरी जी गाणी ऐकाल ती लिहून आणा. कुणाची आजी, कुणाची काकू, कुणाची मोलकरीण. वही भरून जायची.

त्याच महिन्यात बहिणाबाईंची आठवण निघायची. त्यांचा जन्म 24 ऑगस्ट 1880 चा, असोद्याचा. लिहायला-वाचायला त्या शिकल्या नव्हत्या. त्यांच्या ओव्या मुलानं, सोपानदेवांनी, जपल्या आणि त्या गेल्यावर 1952 मध्ये आचार्य अत्रे यांच्या पुढाकारानं पुस्तकरूपात आल्या. आता मुलं त्या पाठ करतात, वर्गात उभं राहून एका दमात म्हणतात, मार्क मिळतात. सरांनी आम्हाला त्या जात्याच्या गतीत म्हणायला शिकवल्या. डग्ग्यावर तळहाताचा बुंधा दाबून पुढे सरकवला की घुमारा खालून वर चढतो. तो घुमारा आणि जात्याची घरघर एकसारखी कशी करायची हे ते माझ्याकडून तासभर घोटून घ्यायचे. एका मुलीनं गायचं, मी फक्त डग्गा घुमवायचा. पेटी नाही, दुसरं काही नाही. पहिल्या रांगेत बसलेल्या म्हाताऱ्या बायांचे हात मांडीवर गोल फिरायला लागले होते, ते मी स्वतः बघितलंय.

मग भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाई. महिनाभर मुली संध्याकाळी घरोघरी टिपऱ्या घेऊन जायच्या, सासर-माहेरची गाणी म्हणायच्या, शेवटी डब्यातली खिरापत ओळखायची. शाळेनं यातलं काही नवीन केलं नाही. फक्त कोजागरीला सगळ्या गल्ल्यांच्या मुलींना एका पटांगणात आणलं आणि त्यांच्या गाण्याला साथ दिली. पण त्यातून झालं ते मोठं. आमच्या वर्गात अहिराणी बोललं की हातावर छडी बसायची. "शुद्ध बोल" हे आम्ही दिवसातून दहा वेळा ऐकायचो. आणि त्याच शाळेच्या स्टेजवर, माइकसमोर, मुख्याध्यापक खुर्चीत बसलेले असताना, मुली अहिराणीत गायच्या. माझी आजी पहिल्यांदा कार्यक्रमाला आली तेव्हा घरी येताना मला विचारलं, "आपलं गानं शाळामा बी म्हणतस का?" तिच्या आवाजातलं आश्चर्य मला अजून ऐकू येतं. शाळेची पायरी ती त्या दिवशी पहिल्यांदा चढली होती.

आपल्या पट्ट्यात एकच बोली नाही हेही इथे सांगायला हवं. पूर्वेला रावेर-यावलकडे लेवा गणबोली, इकडे अहिराणी, वर सातपुड्यात भिली, पावरी, आणि नवापूरकडे मावची. आपल्या वसतिगृहात धडगाव-अक्कलकुव्याकडची मुलं राहतात. होळीला त्यांच्याकडे काय ढोल आणि बासरी वाजते ते ज्यांनी काठी गावची राजवाडी होळी बघितली त्यांना सांगायला नको. ती मुलं आपल्या गॅदरिंगमध्ये हिंदी गाण्यांवर नाचतात, तेही मागच्या ओळीत. एखाद्या फाल्गुनात त्यांना स्टेजवर पुढे बसवून सांगा की तुमचं वाजवा. त्यांच्या ठेक्यावर बाकीच्या वर्गाला हात बसवायला लागू द्या. मी तीस वर्षं तबला वाजवतोय, तरी त्यांचा ढोल मला एका ऐकण्यात धरता येत नाही.

तबला स्वतःच ऋतू सांगतो. पावसाळ्यात कातडं ओल धरतं आणि सूर उतरतो. कितीही लाकडी गठ्ठे ठोका, अर्ध्या तासात पुन्हा खाली. चैत्र-वैशाखात आपल्याकडे पारा 45 च्या आसपास जातो तेव्हा उलटं होतं, तबला चढतो, वादी करकरते, आणि रात्री खोलीत तसाच ठेवला तर सकाळी पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, फाटलेली सापडते. आम्हाला सरांनी हे शिकवलं ते कार्यक्रमाच्या निमित्तानं. आषाढात तबला कसा सांभाळायचा, चैत्रात कसा. गवई पावसात मल्हार का गातात आणि वसंत ऋतूत बसंत का, हेही त्या वेळीच कानावर पडलं. वर्षाला एकच कार्यक्रम असता तर हे कधी शिकलो असतो?

आता खोलीबद्दल. सर निवृत्त झाले, पद भरलं गेलं नाही. संचमान्यतेत, म्हणजे शाळेला सरकारनं मंजूर केलेल्या शिक्षकसंख्येत, पद बसत नाही असं सांगण्यात आलं. मी मार्चमध्ये मुलीच्या दाखल्याच्या कामासाठी आलो होतो तेव्हा शिपाईकाकांनी ती खोली उघडून दाखवली. जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, मोडकी बाकं, आणि खिडकीखाली पेटी. झाकण उघडलं तर आत कापसाच्या बोंडातली भुसी आणि धूळ. भाता मारला तर मध्य सप्तकातला ग सतत वाजत राहिला, पट्टी दाबलेली नसताना. पट्टीखालच्या झडपेत कचरा अडकला की असं होतं. पातळ कागदाची पट्टी हलकेच फिरवली की निघतो. दोन तबल्यांपैकी एकाची पुडी पूर्ण फाटलेली, दुसऱ्याची शाई उखडलेली. डग्गा मात्र ठीक होता.

पदाची अडचण मला मान्य आहे. सरकार पद देत नाही ही तुमची चूक नाही. पण काही गोष्टी तुमच्या हातात आहेत. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात स्पष्ट आहे की सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून जास्त मुलं असतील तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिकवणारा माणूस, हवा. आपल्याकडे या तीन इयत्तांचा पट शंभराच्या कितीतरी वर आहे. त्यासाठी पाठपुरावा किती झाला, हे पालकांना कळू द्या. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात. प्रारंभिकपासून सुरुवात होते. शास्त्रीय संगीताच्या ठरावीक परीक्षा पास झालेल्या मुलांना दहावीला सवलतीचे गुण मिळतात. आपल्या शाळेतून सरांच्या काळात दर सत्राला मुलं बसायची. आता ज्या पालकांना परवडतं ते मुलांना जळगावला किंवा धुळ्याला क्लासला पाठवतात, आणि ज्यांना परवडत नाही त्यांच्या मुलांचा गळा परिपाठातच संपतो. परिपाठालाही राष्ट्रगीत आणि राज्यगीत पेनड्राइव्हवर वाजतं. पोरं ओठ हलवतात. सकाळी गेटजवळून जाताना मी ऐकतो, स्पीकरचा आवाज येतो, मुलांचा येत नाही.

राहिली साउंडची गोष्ट. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांप्रमाणे शाळेभोवतीचं शंभर मीटर शांतता क्षेत्र असू शकतं, आणि रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद. गॅदरिंगला आपण काय वाजवतो आणि किती वाजेपर्यंत, ते सगळ्यांनी ऐकलं आहे. त्या एका रात्रीच्या साउंड-लाइटच्या भाड्यात पेटीची दुरुस्ती, दोन्ही तबल्यांच्या नव्या पुड्या आणि टाळांच्या नव्या दोऱ्या होऊन पैसे उरतील. हे मी अंदाजानं सांगत नाही. गेल्या वर्षी साउंडवाल्याचं बिल पालक सभेत वाचून दाखवलं होतं, आणि पुडी बसवायला काय लागतं ते मला माहीत आहे, दर वर्षी मी माझ्या जोडीची बसवतो.

काही पालक म्हणतील की मुलांना नाचायला आवडतं, फिल्मी गाणी आवडतात. आवडू द्या. मीही त्याच वयाचा होतो. गॅदरिंगमधून नाच काढा असं मी म्हणत नाही. पण जे मूल गाणार आहे, त्याच्यामागे माणूस बसलेला असू द्या. आणि गॅदरिंग सोडून वर्षात आणखी तीन-चार वेळा मुलांना लोकांसमोर गायला मिळू द्या, छोट्या कार्यक्रमांत, जिथे मंडप नाही, पाहुणे नाहीत, पटांगणात सतरंज्या आहेत आणि समोर त्यांच्याच आया-आज्या. पहिल्यांदा गाणाऱ्या मुलाला हजार माणसांसमोर आणि दोन स्पीकरच्या भिंतींमध्ये उभं करायचं, आणि पुन्हा वर्षभर नाही. यात कोण घडणार? पोहायला शिकवताना आपण पोराला आधी विहिरीच्या पायरीवर बसवतो.

बालगंधर्वांनी लहानपणी जळगावात मेहबूब खाँ यांच्याकडे गाण्याचे धडे घेतले, हे आपण प्रत्येक भाषणात अभिमानानं सांगतो. त्या मुलाला शिकवणारं माणूस गावात होतं, म्हणून ते झालं.

आता माझ्याकडून काय, ते लिहितो.

दोन्ही तबले मी मार्चमध्येच शिपाईकाकांकडे सांगून घरी आणले. मुख्याध्यापक सरांना तेव्हा फोनवर कळवलं होतं. एकाची पुडी नवी बसवली आहे, दुसऱ्याची पुढच्या आठवड्यात होईल. पैसे नकोत. पेटी उघडायला आमच्या भजनी मंडळातले पेटीवाले काका तयार आहेत, फक्त ती शाळेच्या बाहेर न नेता खोलीतच दुरुस्त करू असं त्यांचं म्हणणं आहे, कारण जुन्या पेटीला हिंदकळलं की सूर हलतात. दर शनिवारी सकाळच्या शाळेनंतर एक तास आम्ही दोघं येऊ. जोपर्यंत निदेशक मिळत नाही तोपर्यंत. संगीत शिक्षकाची जागा आम्ही भरू शकत नाही, आमच्याकडे विशारद नाही, आणि ही जागा आमच्यावर भागवली जावी असंही मला वाटत नाही. पण मुलाची पट्टी कुठली ते आम्हाला ऐकून कळतं, आणि मूल थांबलं तर थांबता येतं.

तुमच्याकडून तीन गोष्टी हव्या आहेत. खोलीतले उत्तरपत्रिकांचे गठ्ठे दुसरीकडे हलवावेत. वर्षाच्या नियोजनात आषाढी, भुलाबाई आणि फाल्गुनातला एक दिवस गाण्यासाठी लिहावा, आणि सकाळची शाळा सुरू झाल्यावर, परीक्षांच्या आधी, चैत्रात आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, गाण्यांचा एक तास. आणि निदेशकाच्या मागणीचा प्रस्ताव या सत्रात पाठवून त्याची प्रत पालक-शिक्षक संघाला द्यावी.

आषाढी जवळ आली आहे. तेवढ्या दिवसांत फार काही बसणार नाही, दोन अभंग बसतील. त्या मुलीच्या आईला मी परवा दुकानात भेटलो, त्यांच्या विहिरीची मोटार जळाली होती. मी विचारलं, पोरगी येईल का शनिवारी. त्या म्हणाल्या, विचारून बघते, पण स्टेजवर नका उभं करू. मी म्हटलं, स्टेजवर नाही, खोलीत सतरंजीवर बसून, दार लावून.

खोलीची किल्ली शनिवारी साडेअकरा वाजता ऑफिसमध्ये मिळाली तर बरं होईल.

आपला,
शाळेचा एक माजी विद्यार्थी आणि आठवीतल्या मुलीचा बाप